अकरावीच्या सुट्टीत बंगळूर : प्रॉमिस इंडियाचे सहा आठवडे

अकरावीची परीक्षा संपली की सायन्सच्या मुलांची सुट्टी सांगलीत कशी जाते हे वेगळं सांगायला नको. क्लासची व्हेकेशन बॅच लागते, कॉलेज उघडायच्या आत बारावीचा बराचसा पोर्शन उरकतो आणि रविवारी टेस्ट असते. माझंही नाव त्या बॅचला घातलं होतं. ते काढून घेऊन मी मे-जूनचे सहा आठवडे बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेच्या, म्हणजे आयआयएससीच्या आवारात प्रॉमिस इंडिया या गणिताच्या उन्हाळी कार्यक्रमात राहिले आणि नंबर थिअरी, म्हणजे पूर्ण संख्यांचं गणित, शिकले. आमच्याकडची मुलं, त्यातही मराठी माध्यमातली, या वाटेला फारशी जात नाहीत. गणित चांगलं असतं, पण अशी सोय आहे हेच माहीत नसतं, आणि कळलं तरी धीर होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रॉमिस हा मुळात बॉस्टन विद्यापीठातला उन्हाळी कार्यक्रम, १९८९ पासून चालत आलेला. त्याच्याही मागे आर्नोल्ड रॉस या गणितज्ञांनी १९५७ मध्ये अमेरिकेतच सुरू केलेला कार्यक्रम आहे. ‘साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा’ हे त्यांचं ब्रीद. प्रॉमिस इंडिया त्याच घराण्यातला. किमान पंधरा वर्षं वयाची, अजून विद्यापीठात न गेलेली मुलं देशभरातून येतात आणि सहा आठवडे आयआयएससीत राहतात. तिथे जेईई नाही, सीईटी नाही, शेवटी मार्कशीटही नाही.

अर्जाचा मुख्य भाग म्हणजे प्रश्नसंच. तो घरी बसून सोडवायचा असतो, पण एकट्यानं. कुणाला विचारायचं नाही, नेटवर शोधायचं नाही. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एकही प्रश्न असा नव्हता की बघताक्षणी सूत्र आठवावं. दोन वर्षं आपल्याला ‘कुठल्या टाइपचं गणित आहे ते ओळखा’ हेच शिकवलेलं असतं, आणि इथे टाइपच नसतो. मी काय केलं ते सांगते. प्रत्येक प्रश्नाला एक वेगळी वही केली. आधी छोट्या संख्या घालून बघायच्या. दोनसाठी काय होतं, तीनसाठी काय होतं, तक्ता करायचा. तक्त्यात काही लय दिसली की ती एका वाक्यात लिहायची. मग ती का खरी असावी याच्या मागे लागायचं. काही प्रश्न पूर्ण सुटले, काही अर्धे. अर्धे सुटलेले मी अर्धेच पाठवले, पण कुठपर्यंत आले, पुढे काय वाटतंय आणि नेमकं कुठे अडतंय हे नीट लिहून. अर्ज करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. सगळे प्रश्न सुटले पाहिजेत अशी अटच नसते. तुम्ही विचार कसा करता ते त्यांना बघायचं असतं. कोरं सोडण्यापेक्षा दोन पानांची प्रामाणिक धडपड कितीतरी मोलाची.

शिफारसपत्राचं मात्र अवघड होतं. ज्युनिअर कॉलेजात एका वर्गात एवढी मुलं, की सरांना माझं नावही माहीत नव्हतं. मी सरळ माझ्या जुन्या शाळेत, दहावीपर्यंत गणित शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. पत्र इंग्रजीत आणि ऑनलाइन द्यायचं म्हटल्यावर बाईंनी आधी मराठीत लिहून काढलं, मग आम्ही दोघींनी मिळून त्याचं इंग्रजी केलं, आणि शेवटचा हात त्यांनी माझ्याकडून कागद काढून घेऊन स्वतः फिरवला. तेव्हाच त्यांनी मला कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत १९३३ साली याच संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी ‘मुलींना घेत नाही’ म्हणून अर्ज नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम बघून मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. १९३६ ला त्या एम.एस्सी. झाल्या, १९३९ ला केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. बाई म्हणाल्या, “तुला तर फक्त फॉर्म भरायचाय.”

घरी पटवायला वेळ लागला. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. हिशेबाचा माणूस, त्यामुळे पहिला प्रश्न हाच, “याचा बारावीला उपयोग काय?” मी खरं ते सांगितलं, की मार्कांना थेट काही नाही. दुसरा प्रश्न पैशांचा. इथे एक गोष्ट ठळक सांगते. पैसे नाहीत म्हणून निवड झालेलं मूल मागे राहू नये असं त्यांचं धोरण आहे आणि गरजेप्रमाणे पूर्ण फीसुद्धा माफ होते. सेतूमधून उत्पन्नाचा दाखला काढला, मदतीचा अर्ज भरला आणि माझी फी माफ झाली. आईची काळजी वेगळी होती, पोरगी इतके दिवस परगावी एकटी. तिचं समाधान निवड झाल्यावर आलेली पत्रं आणि राहण्या-जेवणाची माहिती मी तिला ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवल्यावर झालं. शेवटी बाबाच म्हणाले, “जा. क्लासचं मी बघतो सरांशी बोलून.”

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास करून सकाळी यशवंतपूरला उतरलो. बाबा सोडायला आले होते. संस्थेचं आवार तिथून जवळच आहे. आत शिरलं की शहराचा आवाज मागे पडतो. मोठमोठी झाडं, दगडी मुख्य इमारत, समोर जमशेटजी टाटांचा पुतळा. मे महिन्यात सांगली भाजून निघत असताना तिथे संध्याकाळी पाऊस आणि अंगावर शाल. बाबा परत जायच्या आधी मेसमध्ये इडली खाऊन, ‘जेवण बरं आहे’ एवढं आईला फोनवर कळवून मगच गेले.

दिनक्रम सरळ होता. सोमवार ते शुक्रवार सकाळी नंबर थिअरीचं लेक्चर, आणि रोज एक नवा प्रश्नसंच. उरलेला दिवस त्यालाच. गंमत अशी की लेक्चर मुद्दाम प्रश्नसंचाच्या मागे चालतं. एखादी कल्पना आधी तुमच्या प्रश्नांत येते, तुम्ही तिच्याशी झगडता, आणि काही दिवसांनी फळ्यावर येते. तोपर्यंत ती तुमची झालेली असते. सोबत काउन्सेलर असतात, कॉलेजात गणित शिकणारी दादा-ताई मंडळी. ते उत्तर सांगत नाहीत. तुम्ही लिहिलेलं रोज वाचून परत देतात, शेजारी प्रश्न लिहून.

पहिल्या आठवड्यातलं एक उदाहरण देते. ऋण गुणिले ऋण धन, हे आपण सातवीत पाठ केलं. तिथे विचारलं, सिद्ध करा. हातात फक्त बेरीज-गुणाकाराचे मूळ नियम. मग असं करावं लागतं. (−१)(−१) मध्ये (−१)×१ मिळवा. वितरणाच्या नियमानं ते (−१)×(−१ + १), म्हणजे (−१)×० होतं, म्हणजे शून्य. म्हणून (−१)(−१) हा −१ ला रद्द करतो, अर्थात तो १ आहे. हे लिहून मी दिलं. ताईनं ‘(−१)×० म्हणजे शून्य’ याच्याखाली रेघ मारली आणि विचारलं, हे कुठून आलं? खरंच की, तेही नियमांत नव्हतं. शून्य म्हणजे शून्य अधिक शून्य, इथून सुरू करून तेही काढावं लागलं. रात्री खोलीत आम्ही तिघी मैत्रिणी याच्यावर वाद घालत बसलो होतो. पाठ केलेली गोष्ट आणि कळलेली गोष्ट यांतला फरक मला त्या रात्री स्वच्छ दिसला.

प्रश्नांचा एक प्रकार फार आवडला. एक विधान दिलेलं असतं. खरं असेल तर सिद्ध करा, खोटं असेल तर खोडून काढा, आणि त्यातलं वाचवता येईल तेवढं वाचवा. समजा म्हटलं की एखादी संख्या दोन संख्यांच्या गुणाकाराला भागत असेल तर ती त्यांपैकी एकीला भागतेच. खोटं आहे, ६ हा ३ गुणिले ४ ला भागतो, पण ना ३ ला ना ४ ला. पण भागणारी संख्या मूळ असेल तर विधान तगतं. मग ते का तगतं याच्या मागे लागलं की मसावि काढायच्या आपल्या शाळेतल्या भागाकाराच्या रीतीपाशी येऊन पोचतो.

भाषेची भीती मी घेऊन गेले होते. दहावीपर्यंत मूळ संख्या, विभाज्य, सिद्धता असं शिकलेली, आणि तिथे सगळं इंग्रजीत. चार दिवसांत शब्द बसले. सिद्धतेला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘पण’ एवढे सांधे नीट आले की पुरतं. काही मुलं ऑलिम्पियाडची तयारी केलेली होती आणि सुरुवातीला ती झपाट्यानं पुढे जायची. दुसऱ्या आठवड्यानंतर तो वेग तितकासा कामाचा राहिला नाही, कारण प्रश्न चिकाटीचे होत गेले.

त्यातला माझ्या सगळ्यात जवळचा प्रश्न असा. एका संख्येचा वर्ग घ्या, त्यातून दुसऱ्या एका संख्येच्या वर्गाची अमुक पट वजा करा, बाकी १ उरली पाहिजे. पट २ असेल तर ३ आणि २ चालतात, ९ वजा ८. पट ७ असेल तर ८ आणि ३. पट ११ ला १० आणि ३, १२ ला ७ आणि २. मी वहीत तक्ता करत चालले होते आणि १३ ला गाडी अडली. कितीही शोधा, मिळेना. शेवटी मी १ चा नाद सोडून जवळपास काय मिळतं ते लिहायला लागले, तर १८ चा वर्ग ३२४ आणि ५ च्या वर्गाची १३ पट ३२५. बाकी उणे १. उणे १ चा वर्ग तर १! मग (१८ + ५√१३) चा वर्ग केला, आला ६४९ + १८०√१३. ताळा घेतला. ६४९ चा वर्ग ४,२१,२०१ आणि १८० च्या वर्गाची १३ पट ४,२१,२००. मी खुर्चीवरून अक्षरशः उठून उभी राहिले.

हा मेळ घालायची रीत ब्रह्मगुप्तानं ६२८ साली दिलेली आहे, भावना या नावानं. आणि पट ६१ असेल तर सगळ्यात लहान उत्तर १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८० इतकं मोठं येतं, जे भास्कराचार्यांनी ११५० च्या बीजगणितात काढून दाखवलं. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं हेच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं ते १६५७ मध्ये. भास्कराचार्यांच्या चक्रवाल पद्धतीनं, म्हणजे एका जोडीवरून पुढची जोडी काढत उत्तराकडे सरकायच्या रीतीनं, ते आम्हीही करून बघितलं. ८ आणि १ पासून निघायचं, बाकी ३ उरते. पुढच्या पावलाला ३९ आणि ५ मिळतात, बाकी उणे ४. आणि बाकी उणे ४ आली की पुढची वाट ब्रह्मगुप्तानं आखून ठेवलेली आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. आपल्या मातीत राहून शिकायची अशी जागा आठशे वर्षांपूर्वी होती, आणि शाळेच्या पुस्तकात भास्कराचार्य नावापुरते भेटले, याचं मला मनापासून वाईट वाटलं. ते समीकरण नववीच्या मुलालासुद्धा समजतं. ते शिकवायलाच हवं.

सगळे दिवस असे नसतात. तिसऱ्या आठवड्यात तीन-तीन दिवस काहीच सुटत नव्हतं, घरची आठवण यायची, आणि व्हेकेशन बॅचच्या ग्रुपवर टेस्टचे मार्क येत राहायचे. मी ग्रुप म्यूट केला. त्याचा फार उपयोग झाला. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, आज संच बाजूला ठेव, चालायला चल. आवारात तासभर फिरलो आणि ती तिच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलत राहिली.

परत आल्यावर क्लासचा पोर्शन गाठायला दिवाळीपर्यंतचा वेळ गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना बारावीचा पहिला महिना हातचा जाऊ द्यायचा नाही त्यांनी दहावीनंतरच्या सुट्टीत, वय बसत असेल तर, जावं. बारावी व्यवस्थित झाली. आता मी गणितातच बी.एस्सी. करतेय, आणि बाबांना ते पटलेलं आहे.

अर्ज साधारण हिवाळ्यात येतो, तारखा संकेतस्थळावर बघा. प्रश्नसंच मिळाला की त्याच आठवड्यात हात घाला, कारण त्यातले प्रश्न मुरायला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शिफारसपत्रासाठी तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या शिक्षकांकडे जा, पद किंवा कॉलेजचं नाव बघू नका, आणि त्यांना किमान दोन आठवडे आधी सांगा.