एक काठी, चार तास

२० सप्टेंबर

शून्य सावलीचा दिवस शाळेच्या दृष्टीने जवळपास वायाच जातो. पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो १३ मेच्या सुमारास, ऐन सुट्टीत. दुसऱ्यांदा येतो जुलैच्या अखेरीस, तेव्हा आभाळ भरलेलं. त्यामुळे सहावी-सातवीला मैदानात न्यायचं तर २२-२३ सप्टेंबरचा विषुवदिन (दिवस-रात्र सारखे) बरा. त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य डोक्यावरून जितके अंश ढळलेला असतो, तितकाच गावाचा अक्षांश. म्हणजे सावली मोजली की अक्षांश काढता येतो. पाऊस तेव्हाही असतो, पण उघडीप मिळते. एक-दोन दिवस मागेपुढे झालं तर आभाळ कोसळत नाही. या दिवसांत सूर्याच्या कोनात रोज ०.४ अंशाचा फरक पडतो, इतकंच.

साहित्य फार लागत नाही. वाळूने भरलेली बादली, त्यात रोवलेली काठी, मीटरटेप, खडू, दोरी आणि गवंड्याचा ओळंबा. पाच जणांचा एक गट. जमीन सपाट हवी. फरशी असेल तर उत्तम, मुरमाचं मैदान असेल तर खाली जाड पुठ्ठा.

काठीचं टोक आणि तिची सावली मोजावी, असं सगळे सांगतात. पण सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी आहे. एक मीटर उंचीच्या टोकाची सावली जमिनीवर सुमारे एक सेंटिमीटरभर धूसर होते. पाच मुलं पाच ठिकाणी खुणा करतात आणि प्रत्येक जण बरोबर असतो. त्यावर उपाय सोपा आहे. काठीच्या माथ्यावर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आडवा चिकटवायचा आणि त्याला ४ मि.मी.चं भोक पाडायचं. कार्डाच्या सावलीत उजेडाचा छोटा गोल पडतो, त्याचा मध्य धरायचा. भोक जमिनीपासून बरोबर १०० सें.मी. उंच हवं. काठी सरळ उभी आहे का, यावर वेळ घालवू नये. भोकातून ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकेल ती फुली. सावली फुलीपासून मोजायची, बुंध्यापासून नाही. मग काठी थोडी कलली तरी चालतं. बुंध्यापासून मोजलं, तर काठीचा एक अंशाचा कल मोजमापात पावणेदोन सेंटिमीटर घालतो.

२२ सप्टेंबर

"सर, बारा वाजले, आता सावली सगळ्यात लहान!" हे वाक्य दरवर्षी येणारच. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं, पुणं ७३.९ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण ३५ मिनिटांचा उशीर. त्यातून या दिवसांत सूर्य घड्याळाच्या ७ मिनिटं पुढे असतो. तेव्हा पुण्याची खरी मध्यान्ह आज १२:२७ च्या आसपास. नागपूरला १२:०६.

बाराच्या ठोक्याला मोजलेली सावली सुमारे ३५.७ सें.मी. भरते, १२:२७ ला ३३.५. पहिल्या आकड्यावरून अक्षांश काढला तर १९.७ येतो, म्हणजे पुणं उचलून पालघरच्या रांगेत बसवलं. हा घोळ मुद्दाम होऊ द्यावा. तो दुरुस्त करायला जो शिक्षक घाई करतो, त्याच्या हातून तास निसटतो.

मध्यान्ह शोधायला "सगळ्यात लहान सावली" हा निकष कच्चाच. मध्यान्हीच्या दहा मिनिटं आधी आणि नंतर लांबीत फरक पडतो जेमतेम ३ मि.मी. आपल्याकडच्या जुन्या वर्तुळाची रीत जास्त पक्की. फुलीभोवती ५० सें.मी. त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. उजेडाचा ठिपका सकाळी आत शिरतो (आज ११:१० च्या सुमारास) आणि दुपारी बाहेर पडतो (१:४५ च्या सुमारास). दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. तिच्यावर फुलीतून काढलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण. ठिपका या लंबावर असताना मध्यान्ह. दर दहा मिनिटांना दोनच मुलं बाहेर धाडायची, अख्खा वर्ग नको. बाकीचा तास अडत नाही. मधे ढग आला तरी शिरताना आणि निघताना ऊन असलं की झालं.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधी सांगायचं. नंतरही सांगायचं.

२३ सप्टेंबर

गणित. मुलांना त्रिकोणमिती येत नाही, गरजही नाही. वहीत २० सें.मी.चा उभा रेषाखंड, त्याला काटकोनात ६.७ सें.मी.चा आडवा. कर्ण जोडून वरचा कोन मोजायचा. साडेअठरा अंश येतो, तोच पुण्याचा अक्षांश. १० सें.मी.ची आकृती काढली तर कोनमापकावर चूक सहज एक अंशाची होते.

ध्वजस्तंभाची उंची गुणोत्तराने काढताना दोन ठिकाणी फसगत होते. काठी आणि स्तंभ एकाच वेळी मोजायला हवेत, आणि सावली चौथऱ्याच्या कडेपासून न धरता स्तंभाच्या मध्यापासून धरायला हवी.

इतिहास-मराठीचे तास अर्ध्यातच उरकले तरी चालेल. एक गोष्ट मात्र सोडू नये. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) सावलीच्या गणितात शंकू, म्हणजे सावलीसाठी उभी केलेली काठी, १२ अंगुळांचा असतो. विषुवदिनी मध्यान्हीला अशा शंकूची जी सावली पडते तिला पंचांगवाले पलभा म्हणतात. पुण्याची पलभा जवळजवळ नेमकी ४ अंगुळं. मुलांनी स्वतःच्या बोटांच्या रुंदीने १२ अंगुळांची काडी कापायची. काड्या लहानमोठ्या होतात, पलभा मात्र सगळ्यांची चारच येते. प्रमाण म्हणजे काय, हे फळ्यावर एवढं नीट उतरत नाही.

२५ सप्टेंबर

भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा परीघ काढायचा तर जोडीदार शाळा लागते, आणि ती उत्तर-दक्षिण हवी. कोल्हापूर आणि नाशिक छान जमतात. विषुवदिनी मध्यान्हीला मीटरभर काठीची सावली कोल्हापूरला ३० सें.मी., नाशिकला ३६.४. कोन १६.७ आणि २०, फरक ३.३ अंश. उत्तर-दक्षिण सरळ अंतर सुमारे ३६५ कि.मी. (एसटीच्या रस्त्याचं अंतर घेऊ नये). ३६० ला ३.३ ने भागून ३६५ ने गुणलं की पृथ्वीचा परीघ येतो ३९,८०० कि.मी. प्रत्यक्षात तो ४०,००० च्या आसपास आहे.

मुलांचं उत्तर इतकं गोड येत नाही. एका गावी सावली एक सेंटिमीटर चुकली की कोन अर्ध्या अंशाने हलतो. फरक २.८ झाला तर पृथ्वी ४७,००० ची होते. दोन्ही शाळांनी पाच-पाच गटांची मापं फळ्यावर मांडून मधलं माप घ्यावं. सरासरी घेतली तर बुंध्यापासून मोजणारा एकच गट सगळ्यांना ओढून नेतो.

पुढची फेरी २२ डिसेंबरला. तेव्हा पुण्यात मध्यान्हीची सावली जवळपास ९० सें.मी. आणि मध्यान्ह १२:३३ ला. अडचण एकच. त्या आठवड्यात मैदानात स्नेहसंमेलनाचा मांडव असतो. काठीपुरती दक्षिणेकडून उघडी जागा आत्ताच मागून ठेवायला हवी.