टायर शायनर आणि उस्तादांचा व्हायझर

बूथमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या बंद खोलीत, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारताना पेंटरनं व्हायझर, म्हणजे तोंडावरचा काचेचा मुखवटा, वर करणं याहून धोक्याची गोष्ट बॉडीशॉपमध्ये दुसरी नाही, असं मी मानतो. त्या दिवशी आमच्या उस्तादांनी तो पुन्हा पुन्हा वर केला. त्याचं कारण निघालं टायर चमकवायच्या एका डब्यात. हे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पेंट सेक्शन बघतो. दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. खंडेनवमीला गाडी दारात पाहिजे, असं प्रत्येक गिऱ्हाईक बजावून जातं आणि आमचे साहेब प्रत्येकाला हो म्हणतात. त्यात एक लाल हॅचबॅक, विम्याच्या क्लेमची. बॉनेट आणि डावा फेंडर. डेंटिंग झालं, लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर घासून गाडी बूथमध्ये गेली. काम साधं होतं.

बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, मस्त बसला. क्लिअरचा पहिला हात मारल्यावर फेंडरवर मोहरीएवढे गोल खड्डे उमटले. मधोमध तळ दिसतोय, कडेला रंग कडं करून उभा. फिश आय. कुठलाही पेंटर ते बघून एकच म्हणतो, सिलिकॉन.

पॉलिशला आणि वॅक्सला झटपट चमक येते, पाण्याचे थेंब घरंगळतात, ते बहुतेक वेळा सिलिकॉन तेलामुळे. पृष्ठताण म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसून राहायची ओढ. पाण्याचा मीटरला 72 मिलिन्यूटन, या तेलाचा जेमतेम 20. आमच्या क्लिअरचाही तेलापेक्षा जास्त. त्यामुळे तेलाचा कण जिथे असेल तिथून ओला रंग बाजूला सरकतो. कण डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून आमच्याकडे घासण्याच्या आधी पुसणं सक्तीचं आहे. वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हरनं भिजलेलं एक फडकं पुढे आणि ते वाळायच्या आत कोरडं फडकं मागे. एकाच फडक्यानं रगडलं की तेल निघत नाही, पसरतं. आणि न पुसता घासायचा कागद मारला तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं, मग वरून कितीही पुसा. या लाल गाडीचं पुसणं मी समोर उभं राहून करून घेतलं होतं, त्यामुळे खड्डे बघून मला धक्काच बसला.

उस्तादांनी व्हायझर वर केला आणि पॅनेलला नाक लावून खड्डे बघायला लागले. मी बूथच्या काचेवर थापा मारून ओरडलो तेव्हा त्यांनी तो खाली घेतला.

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. क्लिअर कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. भोपाळमध्ये 1984 साली गळलेला वायू याच कुळातला, फक्त तो आपोआप उडणारा होता. आमचं तसं उडत नाही, पण फवारायची गन त्याचं धुकं करते. थिनरचा वास नाकात भरतो, याचा वास येत नाही. धुकं विरलंय असं वाटतं तेव्हाही बूथमध्ये ते काही मिनिटं तरंगत असतं. एकदा का शरीरानं ते वैरी मानलं, की मग चिमूटभरही दमा उठवायला पुरतं. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या कारणांत हे वर्षानुवर्षं आघाडीवर आहे आणि गाड्या रंगवणारे त्यात सगळ्यात जास्त सापडतात. उस्तादांना हे सगळं माहीत आहे. पण व्हायझरच्या काचेवर धुकं चिकटतं, समोरचं धूसर होतं आणि खड्डा बघायचा तर काच वर करावीच लागते. काचेवर लावून फाडून टाकायची पारदर्शक फिल्म मिळते. आमच्याकडची संपली होती आणि मागणीचा कागद स्टोअरमध्ये पडून होता. त्याच महिन्यात डिटेलिंगसाठी महागडं पॉलिशिंग मशीन मात्र आलं होतं. गिऱ्हाईकाला दिसतं ते आधी येतं, हे मी पुष्कळ वर्षं बघतोय.

साठ डिग्रीला अर्धा तास बेक केलं, थंड केलं, पुसलं, घासलं, पुन्हा पुसलं, पुन्हा मारलं. आता खड्डे बॉनेटवरही. पुन्हा व्हायझर वर.

साहेब येऊन म्हणाले, ‘फिश आय एलिमिनेटरचे चार थेंब टाका आणि गाडी काढा.’ मी नाही म्हटलं. ते औषध म्हणजे दुसरं सिलिकॉनच. रंगाचाच पृष्ठताण इतका उतरवायचा की खड्डा पडू नये. त्यानं ही गाडी निघते, पण गन, कप, बूथ सगळं त्याच तेलानं माखतं आणि पुढच्या गाडीत तेच दुखणं येतं.

खड्डे एकाच जागी असतील तर दोष पत्र्यावर. सगळीकडे सारखे असतील तर हवेत किंवा रंगात. म्हणून स्टोअरमधून प्रायमर मारलेला कोरा पत्रा काढला, पुसला आणि बूथमध्ये टांगला. त्यावरही खड्डे. म्हणजे गाडी निर्दोष. मग तसाच दुसरा पत्रा बूथबाहेर प्रेप-बेमध्ये, म्हणजे गाडी रंगासाठी तयार करायच्या जागेत, सक्शन लावून मारला. तीच गन, तीच एअर लाइन, तोच मिक्स. आरशासारखा आला. म्हणजे कॉम्प्रेसर, ट्रॅप (लाइनमधलं तेल-पाणी अडवणारा), रंग सगळेच सुटले. उरली बूथची हवा. असं एकेक नाव खोडत जाणं हा आमच्या धंद्यातला खरा अभ्यास आहे आणि त्याला कुणी पाच मिनिटं द्यायला तयार नसतं.

मी बूथच्या मागे गेलो. तिथे ताजी हवा ओढणारी जाळी आहे. डिलिव्हरीच्या गर्दीमुळे वॉशिंगच्या रॅम्पवर जागा उरली नव्हती, म्हणून गाड्या त्या जाळीसमोर लावून एक पोरगा टायर शायनरचा, म्हणजे सिलिकॉन तेलाचाच, स्प्रे मारत होता. एकामागून एक, चारही चाकं. छताचं फिल्टर धूळ अडवतं, एवढा बारीक फवारा नाही. पोराला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता.

बूथ धुतला, फिल्टर बदलली, गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. स्प्रेचे डबे आता इमारतीच्या आत येत नाहीत. टायरला पाण्यातलं ड्रेसिंग लागतं, तेही स्पंजनं आणि गेटबाहेर. साहेबांनी हे क्वालिटीच्या खात्यात लिहिलं. मी भांडून सेफ्टीच्या रजिस्टरला लिहायला लावलं, कारण प्रत्येक खड्ड्यामागे एक जादा कोट असतो आणि प्रत्येक जादा कोटात कुणाचं तरी तोंड त्या धुक्यात असतं. फिल्मही आली.

त्या रात्री उस्तादांना झोपेत खोकला आला, छाती आवळली. सकाळपर्यंत ठीक. ते म्हणतात, विडीचा खोकला. जवळच्या डॉक्टरांनीही विडीचंच विचारलं, काम काय करता ते विचारलं नाही. मी हार्डनरच्या सेफ्टी शीटची झेरॉक्स देऊन त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी फुंकायचं मीटर दिलं. दिवसातून अनेकदा फुंकायचं, आकडा लिहायचा, कामाच्या दिवशीही आणि सुटीच्या दिवशीही. वहीत सुटीचे आकडे वर आहेत, म्हणजे सुटीला श्वास जास्त मोकळा. डॉक्टर म्हणतात, अजून थोडे दिवस लिहा, मग बोलू.

तोवर त्यांना बूथमध्ये पाठवू नये असं माझं म्हणणं. उस्ताद म्हणतात, कलर मॅचिंगला बसलो तर इन्सेंटिव्ह जाईल, पोरीची फी आहे. इन्सेंटिव्ह न कापता त्यांना मिक्सिंग रूमला घ्या असा अर्ज मी साहेबांना दिलाय. उत्तर आलेलं नाही.