आमची वाटचाल : दहा सेकंदांतली मराठी

रेडिओची जाहिरात दहा-दहा सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते. दहा सेकंदांत मराठीचे वीस-बावीस शब्द बसतात. त्याहून जास्त कोंबले की ऐकणाऱ्याला दुकानाचं नावसुद्धा कळत नाही. आम्ही दोघे भाऊ इतकी वर्षं हे शब्द बसवण्याचंच काम करतोय.

सुरुवात गिरगावात, चाळीतल्या एका खोलीत झाली. विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूरला १९६७ पासून जाहिराती वाजत होत्या, त्यामुळे मसालेवाले, साडीवाले यांना रेडिओ नवा नव्हता. भिंतींना गोधड्या टांगून आम्ही स्पूलवर ध्वनिमुद्रण करायचो. चुकलेला श्वास ब्लेडने कापायचा, टेपची टोकं चिकटवायची. माझ्या अंगठ्यावर त्या ब्लेडच्या खुणा अजून आहेत.

१९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना भाड्याने दिले. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे सुरू झाले आणि मुंबईच्या रेडिओचा सूरच बदलला. निवेदक आता शेजारच्या मित्रासारखे बोलू लागले. त्यांच्यापाठोपाठ आमची ‘ग्राहकांच्या सेवेत सादर’ छापाची जाहिरात वाजली, तेव्हा मला घाम फुटला. त्या आठवड्यात आम्ही हातातल्या सगळ्या संहिता फाडून बोलीभाषेत नव्याने लिहिल्या. आमच्या धंद्याचा खरा जन्म तेव्हाचा, असं मी मानतो.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. वडिलांनी त्या बातमीचं कात्रण स्टुडिओच्या दाराला आतून चिकटवलं. पण १९९८ मध्ये खासगी कंपन्यांचे करार पुढे वाढवले गेले नाहीत. आमचं निम्मं काम ज्या एजन्सीकडून यायचं, ती बंद पडली आणि आमचे पैसेही बुडाले. भाऊ लग्नाच्या कॅसेटींवर आवाज द्यायला जाऊ लागला. कात्रण मात्र आम्ही काढलं नाही.

मग २००० मध्ये खासगी एफएमच्या परवान्यांचे लिलाव झाले आणि २००२ मध्ये रेडिओ सिटी, मिरची, रेड, गो, विन अशी केंद्रं एकामागून एक सुरू झाली. ‘सगळीकडे तीच गाणी’ अशी तक्रार लोक करायचे, अजूनही करतात. त्यांना मी हिशोब सांगतो. तेव्हा मुंबईच्या परवान्याची फी वर्षाला ९.७५ कोटी रुपये होती, तीही दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारी. एवढं ओझं डोक्यावर असताना श्रोता बटण फिरवेल असं गाणं लावण्याची हिंमत कोण करणार? विनला तर हा खेळ झेपलाच नाही. मराठी गाण्याला या हिशोबात जागा मिळणं अवघडच होतं. पण गाण्यांच्या मधल्या ब्रेकमध्ये मराठी होती, आणि त्यातली काही आमची होती. दादरच्या चकलीवाल्याचं वाक्य दोन हिंदी गाण्यांच्या मध्ये टॅक्सीत ऐकलं, तेव्हा मी टॅक्सीवाल्याला आवाज वाढवायला लावला होता.

२६ जुलै २००५ ला आमची खोली कोरडी राहिली, पण भाऊ रात्रभर कुर्ल्याला अडकला होता. खासगी केंद्रांना बातम्या देण्याची परवानगी नव्हती, तरी लोकांचे निरोप मात्र एफएमवरून येत राहिले. आई बॅटरीवरचा रेडिओ उशाशी घेऊन बसली होती. त्याच वर्षी परवान्याच्या ठरावीक फीऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के असं धोरण आलं. बिग, फीव्हर अशी नवी केंद्रं निघाली आणि आम्ही लालबागला थोडी मोठी जागा घेतली.

२०२० च्या टाळेबंदीत पुतणीने कपाटात डोकं घालून, अंगावर रजई घेऊन जाहिराती रेकॉर्ड केल्या. आवाज इतका स्वच्छ आला की मला आमच्या गोधड्या आठवल्या. आता संहिता तीच लिहिते. परवा डोंबिवलीचे एक चष्मेवाले आले. त्यांना पत्ता, फोन नंबर, सवलत आणि वडिलांचं नाव, सगळं दहा सेकंदांत हवं होतं. पुतणीने बोटांवर शब्द मोजले आणि फोन नंबर काढून वडिलांचं नाव ठेवलं.