टाच, माकडहाड आणि रजिस्टर : आमची वाटचाल

२०१६ साली पुण्यात सिंहगड रस्त्याला एक बंगला भाड्याने घेऊन आजारी आजी-आजोबांना सांभाळायला आठ खाटांवर आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी, माझे मिस्टर आणि हॉस्पिटलातून माझ्यामागे आलेल्या दोन मावशी. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, सतरा वर्षं वॉर्डात काढलेली. पेशंट सांभाळता येत होते, धंद्याचा मात्र गंध नव्हता.

पहिला पेच म्हणजे पाटीवर लिहायचं काय? वृद्धाश्रम म्हणावं तर निम्म्या आजी-आजोबांना राइल्स ट्यूब (नाकातून जेवणाची नळी), नाहीतर कॅथेटर (लघवीची नळी). हॉस्पिटल म्हणावं तर ना ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली, ना आयसीयू. "वृद्धाश्रम म्हणा नि मोकळ्या व्हा, तपासणीची कटकट नको," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पण १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आजारी-जखमींबरोबर दुर्बल माणसांना ठेवून उपचार-शुश्रूषा करणाऱ्या जागेलाही लागतो. आम्ही नोंदणी केली. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या, सुयांचा पांढरा डबा, जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला. त्या फॉर्मच्या खर्चावरून मिस्टर दर खेपेला कुरकुरायचे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा तान्ही बाळं गेली, तेव्हापासून ते स्वतःच तारीख लक्षात ठेवतात.

सांगायचं आहे ते दुसऱ्या वर्षाचं. तोवर चौदा खाटा झाल्या होत्या. लकवा झालेले एक आजोबा, वजन पंचाहत्तरच्या घरात. आमच्या जागेची तपासणी झाली, अंथरुणावर पडून जखमा होऊ नयेत म्हणून पेशंटची कूस बदलल्याचं रजिस्टर पाहिलं गेलं, शेरा मिळाला 'समाधानकारक'. आम्ही पेढे वाटले. चौथ्या दिवशी त्यांची मुलगी न कळवता नाशिकहून आली, नेमकी स्पंजिंगच्या, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसायच्या वेळेला. आजोबांना कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम. कातडी गेलेली.

मी रजिस्टर उघडलं. रात्री बारा, दोन, चार, सहा, सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या. पहाटे सहाला एका बैठकीत मारलेल्या. मावशींना काय बोलणार? पंचाहत्तर किलोचा माणूस ड्रॉशीट (अंगाखालची आडवी चादर) धरून वळवायला दोघं लागतात, आणि पगार वाचवायला रात्री मीच एका मावशीला एकटीला ठेवलं होतं. जखम भरायला सात आठवडे लागले. त्या काळाचे पैसे घेतले नाहीत. ताईंनी वडिलांना आमच्याकडेच ठेवलं, पण दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मग रात्री दुसरं माणूस नेमलं, महिन्याचे दर वाढवले, दोन कुटुंबं सोडून गेली. रजिस्टरमधली बरोबरची खूण बंद केली. आता 'डावी', 'उजवी', 'उताणं' असं लिहायचं आणि लिहिल्यासारखंच पेशंट दिसायला हवं. ड्यूटी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येकाची टाच, घोटा, खुबा, माकडहाड दाखवायचं. लाल चट्टा बोटाने दाबून सोडायचा. क्षणभर फिका पडला तर ठीक, लालच राहिला तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. त्या अंगावर झोपवणं बंद, आणि मला लगेच फोन, रात्रीचे तीन असले तरी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताने गरम, कडक लागतंय का तेही बघायला शिकवलं. एअर बेड, म्हणजे हवेच्या गाद्या आहेतच, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा समज नातेवाइकांपेक्षा नव्या मुलींमध्येच जास्त!

भेटीची वेळ काढून टाकली. कोणीही, कधीही या. मावशी आधी वैतागल्या, आता चहाचं आधण वाढवतात.

आज बावीस खाटा आहेत. मागच्या तपासणीत सगळी रजिस्टरं, दरपत्रक, रुग्णहक्कांची सनद पाहून झाल्यावर मी विचारलं, "एखाद्या पेशंटची पाठ बघता का?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. सोबतच्या सिस्टरने मात्र ग्लोव्हज मागितले. तीन नंबरच्या आजींची चादर वर केली, टाचेवर बोट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग रजिस्टरमधलं 'डावी' वाचून आजी कुठल्या कुशीवर आहेत ते पाहिलं.

चहा काही घेतला नाही. पुढे अजून दोन ठिकाणं बाकी होती.