काचेवरच्या दोन पट्ट्या

इंग्लंडला आल्यावर भारतातल्या लायसन्सवर पहिले 12 महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मला वाटलं होतं डावीकडून चालवायची सवय आहेच, मग अवघड काय असणार. अवघड निघालं पॅरलल पार्किंग, म्हणजे कडेला उभ्या दोन गाड्यांमधल्या जागेत रिव्हर्स घेत गाडी लावणं. इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये घराला गॅरेज नसतं, रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, त्यामुळे टेस्ट राहू दे, रोज संध्याकाळी घरासमोर गाडी लावायची तरी हे यायलाच हवं.

टेस्टमध्ये परीक्षक एक रिव्हर्सचा प्रकार करायला सांगतात, त्यात पॅरलल पार्किंग येऊ शकतं. बारीक चुका 15 पर्यंत चालतात पण एक गंभीर चूक झाली की संपलं. म्हणून माझ्या इन्स्ट्रक्टर बाईंनी पहिल्या दिवसापासून खुणा दिल्या. रिकाम्या जागेच्या पुढे उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी साधारण मीटरभर अंतर ठेवून समांतर थांबायचं, मग हाफ क्लचवर हळूहळू मागे, त्या गाडीचा मागचा बंपर आपल्या मागच्या छोट्या तिकोनी काचेत दिसला की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे कापायचं. डाव्या आरशात फूटपाथची कड मागच्या दाराच्या हँडलला टेकली की आपला पुढचा डावा कोपरा त्या गाडीतून सुटतोय ना ते बघून पूर्ण उजवीकडे. कड आणि गाडीची बाजू आरशात समांतर झाली की चाकं सरळ करून थांबायचं.

हे मी पाठ केलं आणि त्यांच्या गाडीत दर वेळी बरोबर यायचं. टेस्टही पास झाले.

मग आमची स्वतःची गाडी आली आणि एकही खूण जुळेना. कधी मागचं चाक फूटपाथला घासायचं, कधी मी कडेपासून हातभर लांब. एकदा मागून दोन गाड्या येऊन थांबल्या, मी तिसऱ्यांदा पुढे-मागे करतेय, हात घामाने ओले, शेवटी ती जागा सोडून पुढच्या गल्लीत जाऊन लावली. त्या रात्री खरंच खूप वाईट वाटलं. लायसन्स मिळूनही घरासमोर गाडी लावता येत नाही म्हणजे काय.

मग शांतपणे विचार केला की खूण म्हणजे नेमकं काय. रिव्हर्समध्ये मागची चाकं वळणाच्या आतल्या बाजूने जातात आणि गाडीचं नाक बाहेर झोकतं, म्हणून स्टेअरिंग कापायची जागा ठरते ती आपल्या मागच्या बंपरवरून, आणि नेमका तो बंपर ड्रायव्हरला दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्याऐवजी जे दिसतं ते धरायचं, एवढंच त्या खुणेचं काम. पण ते दिसतं डोळ्यापासून निघालेल्या एका सरळ रेषेत: डोळा, काचेवरची जागा, त्या पुढच्या गाडीचा मागचा बंपर. डोळा हलला की रेष हलली! इन्स्ट्रक्टर बाईंची गाडी वेगळी, आमच्या गाडीत मी सीट पार पुढे ओढून बसते, मग त्यांची तिकोनी काच माझ्या कामाची कशी असेल. सीट वीतभर पुढे असली तर त्याच खुणेवर स्टेअरिंग जवळजवळ वीतभर लवकर कापलं जातं, आणि आपली डावी बाजू पुढच्या गाडीच्या कोपऱ्याकडे जाते. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मला वाटतं पहिल्याच तासाला सांगायला हवं.

म्हणून रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना उलट क्रमाने सुरुवात केली, आधी गाडीची जागा, मग खूण. नवरा बाहेर उभा राहिला आणि आमचा मागचा बंपर शेजारच्या गाडीच्या मागच्या बंपरच्या बरोबर रेषेत येईपर्यंत मला हाताने इशारे करत राहिला. तिथे हँडब्रेक ओढला आणि मी मान वळवून बघितलं की मला, माझ्या सीटवरून, तो बंपर काचेत कुठे दिसतोय. तिकोनी काचेत नव्हताच, मागच्या दाराच्या काचेच्या शेवटच्या टोकाला होता. तिथे आतून पिवळ्या टेपचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चिकटवला. मग गाडी कडेपासून वीतभर अंतरावर अगदी सरळ लावली आणि आरशात कड कुठे दिसते ते डोळ्यात साठवून घेतलं. डावा आरसा थोडा खाली झुकवला तर कड जास्त स्पष्ट दिसते, फक्त तो बहिर्गोल असतो त्यामुळे सगळं आहे त्यापेक्षा लांब वाटतं, ते लक्षात ठेवावं लागतं.

त्यानंतर दीड तास तेच. पहिल्या चार वेळा बरोबर, पाचव्या वेळी खूण बघण्याच्या नादात उजवीकडे बघायचं राहिलं आणि एक सायकलवाला बाजूने गेला, नवऱ्याने बॉनेटवर थाप मारून थांबवलं. नाक बाहेर झोकतं ते त्याच बाजूला. आता कापायच्या आधी उजव्या खांद्यावरून बघायचं, मग मागची काच, मग पट्टी, हा क्रम मी मोठ्याने म्हणते. आणि वेग चालण्यापेक्षाही कमी, म्हणजे खूण यायच्या आत हात तयार असतात.

जागा गाडीच्या दीडपट लांबीची असेल तर आता एका दमात बसते, त्यापेक्षा कमी असेल तर मी सरळ पुढे जाते.

नवरा चालवतो तेव्हा सीट मागे सरकवतो, त्यामुळे त्याला माझी पट्टी चालत नाही. त्याने बोटभर मागे स्वतःची निळी लावली आहे.