आमची वाटचाल : केळीच्या पट्ट्यातली झाडांची रोपवाटिका

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात रोपवाटिका म्हटली की लोक केळीचंच विचारतात. आम्हीही सुरुवात टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, केळीच्या रोपांनी केली. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, झळांनी पानं फाटतात आणि निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग एका वादळात आडवी होते. बाग पडलेलं गिऱ्हाईक पुढच्या मृगबागेला (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीला) रोपं कुठून घेणार? म्हणून केळीसोबत तिचा आडोसाही विकायला लागलो. आधी शेवरीचं बी, मग बांबू, शेवगा, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया).

केळीच्या कडेनं शेवरी लावणं इथं जुनंच. कायमची झाडं म्हटलं की मात्र प्रश्न ठरलेला : "भाऊ, झाड पाणी खाईल, त्याचं काय?" खाईलच. पण दाट ओळीच्या आडोशाला, झाडाच्या उंचीच्या साधारण १० पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी राहतो आणि बागेचं पाणी कमी उडतं. ओळ आणि पीक यांच्यामध्ये दोनेक फुटांचा चर मारला की मुळंही आत शिरत नाहीत. नीलगिरी मात्र आम्ही ठेवत नाही, खपली असती तरी.

धंद्याला खरा हात दिला गिरिपुष्पानं. त्याच्या वाळल्या पाल्यात २ ते ३ टक्के नत्र असतं. बांधावर छाटायचं आणि केळीच्या बुडाशी टाकायचं. फांदी खोचूनही ते लागतं, मग आमच्याकडून कशाला घ्यायचं? कारण बियांपासूनच्या रोपाचं मूळ खोल जातं. हे पटवायला वेळ लागला.

२०१४ मध्ये देशाचं कृषी-वनीकरणाचं, म्हणजे शेतात पिकांसोबत झाडं लावण्याचं, धोरण आलं. शेतकऱ्याची धास्ती तरी एकच : उद्या तोडू देतील का? साग, आंबा, चिंच यांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते, हे आम्ही रोप देतानाच सांगतो. बांबू मात्र २०१७ पासून भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. तेव्हापासून त्याची मागणी करणाऱ्यांना सांगताना आमचीही जीभ अडखळत नाही.

उरला बांध. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो, त्यामुळे उत्तरेच्या बांधावरच्या झाडाची सावली शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर पडते आणि भांडण आपल्या दारात येतं. आता बुकिंगच्या वेळी बांधाची दिशा विचारतो. उत्तरेचा असेल तर सांगतो, शेजाऱ्यालाही घेऊन या. बऱ्याचदा तोही रोपं घेऊन जातो.