स्वतःलाच टाकलेलं पोस्टकार्ड आणि फुकटचे सिनेमे

न्यू जर्सीत येऊन मला पाच महिने झाले होते आणि माझ्या नावाने घरी एक चिटोरंही आलेलं नव्हतं. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, इंटरनेट त्याच्याच नावावर, घराचा करार तर मी यायच्या आधीचा. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो तो माझा एच-४ व्हिसा, त्यामुळे मला नोकरी करायची नाही. गाडी अजून शिकत होते, म्हणजे लायसन्सही नाही. घरात दोन ओटीटी होते, पण जे बघावंसं वाटायचं ते नेमकं तिसऱ्यावर असायचं. तिसऱ्यासाठी पैसे मागायला जीभ रेटत नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकू एकदा कपडे धुवायच्या मशीनपाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, लायब्ररीचं कार्ड काढ, सिनेमे फुकट दिसतात. मला वाटलं, डीव्हीडीबद्दल बोलतायत. त्याही मिळतातच. पण काकूंनी फोन काढून दाखवला: कॅनोपी आणि हूपला अशी दोन अॅप, कार्डाचा नंबर टाकला की सुरू. मध्ये जाहिराती नाहीत, टीव्हीवरही दिसतं. फुकट ते पौष्टिक म्हणत दुसऱ्याच दिवशी चालत निघाले.

काउंटरवर माझा पहिला प्रश्न होता, अनामत किती? पुण्यात वाचनालय म्हटलं की आधी अनामत, मग महिन्याची वर्गणी, एक पुस्तक आणि एक मासिक, उशीर झाला की दंड. बाबांच्या पाकिटात वर्गणीची पावती कायम असायची. इथल्या बाईंना ‘डिपॉझिट’ कशाचं तेच कळेना. ग्रंथालय गावच्या घरपट्टीतून चालतं, गावात राहणाऱ्याला वेगळं काही भरावं लागत नाही, असं त्यांनी समजावलं. फक्त गावात राहता याचा पुरावा द्या.

इथे गाडी अडली. फोटोच्या ओळखपत्रासाठी पासपोर्ट होता. मग आठवलं, आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्तासुद्धा असतो! मोठ्या ऐटीत ते पान उघडून पुढे केलं. बाईंनी बोट ठेवून ओळी वाचत नेल्या, कोथरूडपाशी त्यांचं बोट अडखळलं, पुण्यावर थांबलं. ‘हे जरा लांब पडतं,’ म्हणाल्या. नवऱ्याचं बिल चालेल का? नाही, नाव तुमचं हवं. मग त्याच्याच कार्डावर बघा की, असं मागे उभ्या असलेल्या एकाने सुचवलं. सल्ला चांगला होता, पण मला का कोण जाणे, तो झोंबला.

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. पोस्टाचा शिक्का बसून घरी आलं की ते घेऊन या. सगळीकडे हे चालतंच असं नाही, पण आमच्या गावात चालतं.

कोऱ्या पोस्टकार्डावर लिहायचं काय? लिहिलं: ‘स. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम. आपले कार्ड लवकर होवो, ही सदिच्छा. कळावे, लोभ असावा.’ खाली सहीसुद्धा केली. चौथ्या दिवशी नवऱ्याने पेटीतून टपाल आणलं आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, ‘तुझं पत्र आलंय गं. अक्षर ओळखीचं वाटतंय.’

कार्ड हातात आलं, पण पुढे अर्धी संध्याकाळ लॉगिनमध्ये गेली. ग्रंथालय निवडायच्या यादीत आमच्या गावाचं नाव होतं, तसंच काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचंही होतं. मी काउंटी निवडून चौदा आकडे पुन्हा पुन्हा टाकत बसले. चूक लक्षात आल्यावर पिनचा घोळ: फोन नंबरचे शेवटचे चार आकडे, पण नोंद झालेला फोन नवऱ्याचा! टीव्हीचं काम मात्र सोपं निघालं. पडद्यावर कोड येतो, तो फोनवर टाकायचा.

दोन्ही अॅपांची तऱ्हा वेगळी. कॅनोपीवर दर महिन्याला ठरावीक तिकिटं मिळतात. प्रत्येक सिनेमावर किती तिकिटं लागतील आणि किती वेळात बघायचा, ते आधीच लिहिलेलं असतं. उरलेली तिकिटं पुढच्या महिन्यात जात नाहीत. माहितीपट आणि परदेशी सिनेमा बघायचा तर आधी इथे शोधावं. हूपलावर महिन्याला ठरावीक वेळा उसनं घेता येतं, सिनेमा तीन दिवस राहतो आणि मग आपोआप परत जातो. मराठीत शोधलं तर माझ्या हाताला फारसं काही लागलं नाही, आधीच सांगून ठेवते.

एका रविवारी रात्री नऊला हूपलाने सांगितलं, तुमच्या ग्रंथालयाची आजची मर्यादा संपली, मध्यरात्रीनंतर या. माझ्या वाट्याची उसनवारी शिल्लक होती, मग मर्यादा कुणाची? दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं की आपण सिनेमा घेतला की ग्रंथालयाला त्याचे पैसे भरावे लागतात, म्हणून काही ग्रंथालयं रोजच्या खर्चाला मर्यादा घालतात. कॅनोपीचंही असंच, बघण्यावर बिल. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही ग्रंथालयांनी १ जुलै २०१९ पासून कॅनोपी बंद केलं ते खर्च झेपेना म्हणूनच. तोवर मी बिनदिक्कत सिनेमा लावून पोळ्या लाटायला जात होते. आता आधी पोळ्या होतात.

त्या रविवारी मात्र मी खरंच बारापर्यंत जागी राहिले. बारा वाजून दोन मिनिटांनी सिनेमा मिळाला आणि दहाव्या मिनिटाला मला झोप लागली.

मागच्या दिवाळीत पुण्याला गेले. हूपलावरून भारतात बसून नवं काही घेता येत नाही, पण आधी उतरवून घेतलेलं चालतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री दोन सिनेमे टॅबवर घेतले. एक विमानात संपवला. दुसरा घरी बाबांबरोबर बघायला घेतला. निम्मा झाला, बाकीचा उद्या म्हणून ठेवला, आणि सकाळी टॅब उघडला तर सिनेमा गायब. तीन दिवस भरले होते.

‘कुठे गेला?’ बाबांनी विचारलं.

‘परत गेला, बाबा. लायब्ररीत.’

‘आपला आपण?’

‘हो.’

‘म्हणजे दंड नाही?’

‘दंड कसला, उशीरच होत नाही.’

बाबांनी चष्मा काढून पुसला. ‘बरं,’ म्हणाले, ‘पण त्या हिरोइनीचं पुढे काय झालं, ते आता कोण सांगणार?’